जुन्या वास्तूंचा पुनर्वापर, बडोदे

जुन्या वास्तूंचा पुनर्वापर, बडोदे : मूळ उपयोग संपलेली किंवा बदललेली इमारत न पाडता, तिचा सांगाडा व ओळख राखून ती नव्या कामासाठी वापरण्याची पद्धत. संवर्धनविषयक लेखनात 'अनुकूली पुनर्वापर' ही संज्ञा रूढ होत आहे. बांधकामाच्या व्यवहारात मात्र 'रिनोव्हेशन' हाच शब्द चालतो आणि रंगरंगोटीपासून आतल्या भिंती काढण्यापर्यंत सगळे त्यात मोडते. प्रस्तुत नोंद लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडीगेट या चार दरवाजांच्या आतील शहर आणि त्याला लागून असलेला सूरसागर तलाव, रावपुरा, दांडिया बाजार हा भाग यांपुरती आहे. शहराबाहेरील राजवाडे तुलनेपुरते घेतले आहेत.

जीर्णोद्धार आणि पुनर्वापर यांत फरक आहे. जीर्णोद्धारात देवळाचे देऊळच राहते. पडलेले उभे करणे हे पुण्यकर्म असल्याने मूळ दगड, मूळ माप यांचा आग्रह तेथे पूर्वी फारसा नसे. पुनर्वापरात उलट घडते : उपयोग बदलतो आणि वास्तू शक्य तेवढी तशीच ठेवायची असते. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्मारकाचा समाजोपयोगी वापर त्याच्या जतनाला मदतच करतो असे मान्य केले, पण त्यासाठी मांडणी व अलंकरण बदलू नये अशी अट घातली. ही अट राजवाड्यांना सोसते. पेठेतल्या वाड्याला ती शब्दशः लावली तर तेथे साधे स्वच्छतागृहही घालता येणार नाही. त्यामुळे बदलाच्या पायऱ्या मानणारी ऑस्ट्रेलियाची १९७९ ची बर्रा सनद आणि स्थानिक कारागिरीला स्थान देणारी 'इंटॅक' या भारतीय वारसा-संवर्धन संस्थेची २००४ ची सनद या बडोद्यासारख्या नांदत्या शहराला अधिक जवळच्या वाटतात.

पूर्वपीठिका : १७३४ पासून बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. मराठी वाड्यात निवास, दप्तर, कोठार आणि शिबंदी एकाच छताखाली असत. देवडीशी पहारा, पहिल्या चौकात कारभार, आतल्या चौकात घर, अशी विभागणी असल्याने उपयोग बदलणे म्हणजे बहुधा एका चौकाचा वापर दुसऱ्याकडे जाणे एवढेच असे. १८७५ मध्ये तिसरे सयाजीराव गादीवर आले आणि दिवाण टी. माधवराव यांच्या काळात खात्यांची विभागणी झाली, तेव्हा प्रत्येक खात्याला स्वतंत्र जागा लागू लागली. जुन्या जागा रिकाम्या होणे आणि नव्या इमारती उभ्या राहणे या दोन्ही गोष्टी त्याच काळात सुरू झाल्या. 'कोठी' हा शब्द याचा साक्षीदार आहे. धान्य व वसूल साठवण्याच्या जागेचे हे नाव संस्थानच्या सचिवालयाला मिळाले, आणि पुढे त्याच कोठीत जिल्हाधिकारी कार्यालय आले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांच्या देखरेखीखाली मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन झाले. तेही सुरुवातीला सरकारवाड्यातच होते असे सांगितले जाते. म्हणजे बडोद्याच्या सार्वजनिक वाचनाचा संसार एका जुन्या राजवाड्यात थाटला गेला.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुनर्वापराला वेगळीच गती आली. लालबागेतील १९१४ च्या प्रताप विलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय आले. मकरपुऱ्याच्या राजवाड्यात हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आली. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने जुन्या बडोदा कॉलेजची घुमटाची इमारत आपलीशी केली आणि ललित कला विभाग पुष्पबागेत थाटला. या सर्व ठिकाणी एकच मोठी संस्था पूर्ण वास्तू वापरते, त्यामुळे देखभालीला धनी असतो. जुन्या शहरात ही सोय नाही.

न्यायमंदिर आणि त्याचा मूळ हेतू : लहरीपुरा दरवाजा व सूरसागर यांच्या मधोमध उभी असलेली ही वास्तू रॉबर्ट फेलोज चिझम यांची. मद्रास सरकारचे वास्तुविशारद असलेले चिझम हे चार्ल्स मँट यांच्या १८८१ मधील मृत्यूनंतर लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम पुरे करण्यासाठी बडोद्यात आले. (कोल्हापूरचा नवा राजवाडा मँट यांचाच, दोन्ही वास्तू पाहिलेल्याला नाते लगेच कळते.) न्यायमंदिराचे उद्घाटन ३० नोव्हेंबर १८९६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते झाले. मध्यवर्ती दालनात मोझेकचे काम असून तेथे पहिल्या चिमणाबाई राणीसाहेबांचा पुतळा आहे. तंजावरच्या मोहिते घराण्यातील या राणीसाहेब सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी. १८८५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. 'न्यायमंदिर' या नावाआधी त्यांचेच नाव जोडलेले आहे. शैलीला बहुतेक जण बायझंटाइन म्हणतात. काही तिला इंडो-सारसेनिक (भारतीय, इस्लामी व युरोपीय घटकांच्या मिश्र) गटात घालतात. चिझम यांच्या इतर कामांशी ताडून पाहता हे दोन शब्द परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. भारतीय कामांना इस्लामी आणि बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडील रोमन साम्राज्याच्या, घुमटांची जोड देणे ही त्यांची नेहमीची रीत होती.

इमारत कशासाठी बांधली, याविषयी मात्र मतभेद आहे. एका मतानुसार ती भाजीबाजारासाठी योजली होती आणि पुढे तिचे न्यायालय झाले. दुसरे मत मूळ योजना नगरभवनाची होती असे सांगते. नाव आरंभापासून 'न्यायमंदिर' असल्याने न्यायालयच अभिप्रेत होते, असे तिसरे मत आहे. तिसऱ्या मताची अडचण अशी की नाव उद्घाटनाच्या वेळचे असते, पायाभरणीच्या वेळचे असेलच असे नाही. मांडणीकडे पाहिले तर भोवताली खोल्या असलेले एक मोठे मधले दालन बाजाराला जमते, सभेला जमते आणि प्रतीक्षागृह म्हणून न्यायालयालाही जमते. केवळ आराखड्यावरून निवाडा होत नाही. जागा मात्र बोलकी आहे. लहरीपुऱ्यातून जुन्या शहराच्या मध्यावरील मांडवीकडे जाणारा रस्ता ही शहराची मुख्य बाजारपेठ, आणि तिच्या तोंडाशी, तळ्याकाठी, खुल्या हवेत बाजार हलवणे हे त्या काळच्या आरोग्यविषयक धोरणाला धरून होते. पुढे १९०६-०७ मध्ये सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त खंडेराव मार्केट बांधले गेले. नियोजित बाजाराची जागा दहा वर्षांपूर्वी वरिष्ठ न्यायालयाकडे गेली असेल, तर शहराला बाजाराची उणीव राहिलीच होती, हे अनुमान त्यातून सहज निघते. म्हणून भाजीबाजाराचे मत अधिक ग्राह्य वाटते.

हा वाद केवळ हौसेचा नाही. बाजाराचे मत मान्य केले तर न्यायमंदिर ही जुन्या शहरातील पुनर्वापराची पहिली मोठी घटना ठरते : वास्तू बाजार म्हणून एक दिवसही न चालता न्यायालय म्हणून उघडली. २०१८ मध्ये न्यायालय दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेले आणि जवळपास सव्वाशे वर्षांनी ही दालने मोकळी झाली. पुढे तेथे शहराचे संग्रहालय करण्याची योजना आली. अशा वेळी 'मूळ रूपात आणणे' म्हणजे कोणत्या रूपात, हा प्रश्न अटळ आहे. कागदावरच्या बाजाराला मूळ मानणे चूक होईल. ज्या कामासाठी पाच पिढ्या बडोदेकर या पायऱ्या चढले ते न्यायदान हाच तिचा इतिहास, आणि संग्रहालयाच्या मांडणीत न्यायालयाची किमान एक खोली न्यायालय म्हणून दिसली पाहिजे.

नजरबाग, एक उलटे उदाहरण : मांडवीजवळील नजरबाग राजवाडा समारंभांसाठी व जडजवाहीर ठेवण्यासाठी वापरला जाई. त्याचे बांधकाम १७२१ चे आणि कर्ते मल्हारराव गायकवाड, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ही दोन विधाने एकत्र टिकत नाहीत. मल्हाररावांची कारकीर्द १८७० ते १८७५ ची. १७२१ हे पिलाजीराव गायकवाडांच्या उदयाचे वर्ष असून तेव्हा बडोदे गायकवाडांचे झालेलेच नव्हते. घराण्याच्या आरंभाचे वर्ष वास्तूला चिकटले असावे, आणि वास्तू मल्हाररावांच्या काळातील, फार तर त्याआधी थोडी सुरू झालेली मानणे बरे. विलीनीकरणानंतर नजरबागेला नवा उपयोग मिळाला नाही. छत गळू लागले, लाकूड कुजले, आणि अलीकडे ती पाडली गेली. खंडेराव मार्केट मात्र रोज वापरात राहिले. त्याच्या दर्शनी वास्तूत महानगरपालिकेचे कार्यालय बसले आणि मागे भाजी-फुलांचा बाजार चालू राहिला. त्या वास्तूची डागडुजी कधी चुकली तरी ती ओस पडली नाही.

वाडे : खाजगी वाड्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा तांबेकर वाडा. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचे हे चार मजली निवासस्थान. आतील भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. कृष्णकथा आणि महाभारतातील प्रसंग यांच्याबरोबर इंग्रज-मराठे युद्धाची दृश्ये आणि युरोपीय स्त्रियाही त्यांत आहेत. वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्याने तो पाहता येतो, पण राबता नाही. चित्रांसाठी ते योग्यच आहे. माणसांचा श्वास आणि घाम यांची दमट हवा चुन्याच्या गिलाव्यावरील रंगाला मानवत नाही.

इतर वाड्यांची अवस्था १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बरीचशी ठरवली. मूळ मुंबई राज्याचा हा कायदा गुजरातेतही चालू राहिला. भाडे गोठले आणि दुरुस्ती मालकाच्या अंगावर राहिली, म्हणून खण-खण भाड्याने दिलेला वाडा कोणीच दुरुस्त केला नाही. त्यात भावकीच्या वाटण्या आल्या. आज यांपैकी काहींत क्लासेस, छापखाने, गोदामे आहेत. फार थोड्यांत विचारपूर्वक नवा वापर झाला आहे.

बांधणी आणि भार : वाड्याचे माप खणात मोजतात. दोन खांबांमधले अंतर मिळणाऱ्या सागवानी तुळईच्या लांबीने ठरे, आणि मजल्याचा कडीपाट (तुळयांवर कड्या व फळ्या घालून केलेली जमीन) त्या अंतराच्या हिशेबानेच ओझे पेलतो. उपयोग बदलताना पहिली चूक येथे होते. भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार निवासी खोलीचा जिवंत भार (माणसे व सामान यांचे ओझे) दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. कार्यालयासाठी तो २५० ते ४०० किलो, सभागृहासाठी ४०० ते ५०० किलो आणि पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीसाठी किमान ६०० किलो होतो, तोही पुस्तकांचे घोडे (मांडण्या) २.२ मीटरपर्यंत उंच असतील तर. म्हणजे दिवाणखान्यात वाचनालय थाटले की कडीपाटावर तिप्पट ओझे येते. घरात माणसे फिरती असतात, पुस्तके वर्षानुवर्षे एकाच जागी बसतात, आणि लाकूड कायमच्या ओझ्याखाली हळूहळू वाकत जाते. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत यावर नमुनेदार उत्तर आहे. तेथे पोलादी घोड्यांचे भार त्यांच्याच उभ्या खांबांवरून थेट खाली जातात आणि मजल्यांची जमीन काचेची असल्याने उजेड खालपर्यंत पोचतो. जुन्या वाड्यात ग्रंथसाठा न्यायचाच असेल तर हेच तत्त्व वापरावे : नवे ओझे नव्या पायांवर उभे करावे, जुन्या तुळईवर टाकू नये.

दुसरी चूक सिमेंटची. विटा व चुना यांची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडून देते. तिला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, क्षार फुलतात आणि गिलावा पापुद्र्यांनी निघतो. विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी ज्या भागात शिरते तेथे हे दोन-तीन पावसाळ्यांतच दिसते. चुना महाग नाही. तो भिजवून मुरवायला लागणारा वेळ आणि मुरवणारा गवंडी हे महाग झाले आहेत. बडोदे भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येते. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर जुन्या घरांत भिंत-मजला जोड बळकट करण्याकडे लक्ष गेले, आणि लाकडी सांगाडा नीट असलेली घरे हलतात पण सहसा कोसळत नाहीत, हे गुजरातभर पुन्हा दिसून आले. म्हणून सांगाडा काढून काँक्रीटच्या चौकटी घालण्याचा सल्ला तपासून घ्यावा.

कायदा : केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. तांबेकर वाड्याभोवती दाट वस्ती असल्याने या वर्तुळात शेकडो जुनी घरे येतात. निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम नाही, दुरुस्ती परवानगीने करता येते. नियम वाईट नाही. पण छपराची कौले बदलायची असली तरी मालकाला अर्ज, नकाशे, छायाचित्रे जोडावी लागतात. कंटाळलेला मालक एक तर गुपचूप पत्रा टाकतो, नाहीतर छप्पर पडू देतो. या क्षेत्रातील साध्या दुरुस्तीला महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयातूनच, ठरलेल्या नमुन्यावर, आठवड्याच्या आत परवानगी मिळाली तर तांबेकर वाड्याच्या शेजारची घरे वाड्याबरोबर टिकतील.