मॅग्नोलिया बोन्साय

मॅग्नोलिया प्रजातीतील वृक्ष व झुडपे उथळ कुंडीत वाढवून, छाटणी, तारबंधन आणि मुळांची ठरावीक काळाने केलेली काटछाट यांच्या साहाय्याने त्यांना लहान आकारातच जुन्या वृक्षाचे रूप देण्याच्या पद्धतीस मॅग्नोलिया बोन्साय म्हणतात. जपानी परंपरेत ही झाडे ‘हानामोनो’ म्हणजे फुलांसाठी जोपासल्या जाणाऱ्या झाडांच्या गटात येतात. मात्र पाइन, ज्युनिपर, मेपल किंवा उमे (जपानी जर्दाळू) यांना त्या परंपरेत जे स्थान आहे, ते मॅग्नोलियाला लाभलेले नाही. याचे मुख्य कारण वनस्पतीच्या स्वभावातच आहे. खोडाची उंची रोखता येते, पानेही काही प्रमाणात लहान होतात. परंतु फुलाचा आकार जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे या बोन्सायमध्ये जातीची निवड हीच पहिली आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची पायरी ठरते.

प्रजातीचे नाव फ्रान्समधील माँपेलिये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्येअर मान्योल (१६३८–१७१५) यांच्या स्मरणार्थ शार्ल प्ल्युमिये यांनी १७०३ मध्ये मार्टिनीक बेटावरील एका वृक्षास दिले आणि पुढे लिनीअस यांनी ते स्वीकारले. ज्या प्ल्युमिये यांनी हे नाव दिले, त्यांचेच नाव प्ल्युमेरिया म्हणजे देवचाफ्याच्या प्रजातीस मिळाले. मराठीत दोहोंनाही ‘चाफा’ म्हणत असले, तरी देवचाफ्याचा मॅग्नोलिया कुलाशी काहीही संबंध नाही. सोनचाफा मात्र याच कुलातील आहे. लिनीअस यांनी सोनचाफ्यासाठी मिकेलिया ही वेगळी प्रजाती योजली होती. अलीकडील बहुतेक वर्गीकरणांत ती मॅग्नोलियात विलीन केली जाते आणि त्या व्यापक अर्थाने प्रजातीत ३०० हून अधिक जाती मोडतात. बोन्सायच्या दृष्टीने जुना भेद उपयोगी आहे, कारण मूळ मॅग्नोलियात फुले फांदीच्या टोकाशी येतात, तर मिकेलिया गटात ती पानांच्या बगलेत येतात आणि छाटणीचे तंत्र यावरच अवलंबून असते.

कुंडीत सर्वाधिक वाढविली जाणारी जाती म्हणजे तारका मॅग्नोलिया (मॅग्नोलिया स्टेलाटा). तिचे जपानी नाव ‘शिदेकोबुशी’ असे आहे. ‘शिदे’ म्हणजे शिंतो देवस्थानांतील पवित्र दोरास बांधतात त्या नागमोडी कागदी पट्ट्या. फुलाच्या अरुंद, लोंबत्या परिदलांवरून (पाकळ्यांसारख्या दलांवरून) हे नाव पडले. ‘कोबुशी’ म्हणजे मूठ. हे साम्य कळीवरून सुचले की फळावरून, याविषयी दोन मते आहेत. फळाचा गाठाळ आकार पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. झीबोल्ट आणि त्सुकारिनी यांनी १८४० च्या दशकात या जातीचे वर्णन ब्यूर्गेरिया या प्रजातीखाली केले, आणि १८७२ मध्ये माक्सिमोविच यांनी तिला मॅग्नोलियात आणले. पाश्चात्त्य अभ्यासकांना ती प्रथम बागांमधूनच परिचित झाल्याने ती खरोखर रानटी आहे की कोबुशीचाच (मॅग्नोलिया कोबुस) बागेत निवडलेला एक प्रकार आहे, असा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला, आणि काही लेखकांनी तिला कोबुशीचा उपप्रकार मानले. ट्यूनबेर्ग यांनी दिलेले ‘टोमेंटोसा’ हे अधिक जुने नाव तिला लावण्याचाही प्रयत्न झाला; परंतु त्या नावाचा आधारभूत नमुना मॅग्नोलियाचा नसून एजवर्थिया या कागदासाठी वापरल्या जाणाऱ्या झुडपाचा असल्याचे मानले जाते. जपानमधील इसे उपसागराभोवतीच्या आइची, गिफू व मिए या प्रांतांत, पाणथळ जागांच्या व लहान ओहोळांच्या काठी ती रानटी अवस्थेत वाढते, म्हणून तिला स्वतंत्र जाती मानणेच योग्य दिसते. तिचे हे मूळ वसतिस्थान लक्षात घेतले म्हणजे कुंडीतील माती कोरडी पडली की ती इतक्या लवकर का कोमेजते, याचाही उलगडा होतो.

तबकात झाडे वाढविण्याची कला चीनमध्ये थांग काळापर्यंत मागे नेता येते. ७०६ मधील राजपुत्र चांगह्वाय यांच्या थडग्यातील भित्तिचित्रात सेवक दगड व रोपे असलेले तबक घेऊन जाताना दिसतात. युलान (मॅग्नोलिया डेनुडाटा) हा वृक्षही चिनी बागांमध्ये साधारणपणे त्याच काळापासून लावला जात असावा. तथापि त्या चित्रातील रोपे मॅग्नोलियाची मानण्यास आधार नाही.

तारका मॅग्नोलियाची फुले साधारण ७ ते १० सेंमी. व्यासाची असून परिदले बहुधा १२ किंवा अधिक असतात. वाढ मंद, फांद्या दाट आणि बुंध्यापासून अनेक खोडे निघण्याची प्रवृत्ती असल्यामुळे एकाच मुळावरील बहुखोडी रचना तिला शोभते. कोबुशी व तारका मॅग्नोलिया यांच्या संकरातून झालेली लोबनेरी अधिक जोमदार असते. युलान व मॅग्नोलिया लिलीफ्लोरा यांचा प्रसिद्ध संकर पॅरिसजवळील फ्रोमाँ येथे एत्येन सुलांज-बोदँ यांनी १८२० मध्ये केला आणि १८२६ मध्ये तो फुलला. त्याची पेल्यासारखी फुले मोठी असल्याने तो लहान कुंडीत बेढब दिसतो, ६० सेंमी. किंवा त्याहून उंच, जाड बुंध्याचे बोन्साय करायचे असेल तरच तो घ्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात १९५० च्या दशकात लिलीफ्लोरा व तारका मॅग्नोलिया यांच्या संकरातून तयार झालेले ‘अ‍ॅन’, ‘बेटी’, ‘सुझन’ इत्यादी आठ वाण आटोपशीर आहेत, शिवाय उशिरा फुलत असल्यामुळे हिमकडाक्यातून बहुधा वाचतात. सदाहरित जातींपैकी मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोराची पाने व फुले फारच मोठी असतात. सोनचाफ्याच्या पानांबाबतही तीच अडचण येते. याउलट दक्षिण चीनमधील मॅग्नोलिया फिगो हिची पाने व फुले दोन्ही लहान असल्याने प्रमाणबद्धतेच्या कसोटीवर ती सर्वांत सरस ठरते. तिच्याकडे बोन्सायप्रेमींचे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही.

या झाडांची खरी कसोटी मुळांशी लागते. मॅग्नोलियाची मुळे जाड, मांसल, ठिसूळ व विरळ फाट्यांची असतात. मूलरोम कमी असल्याने पोषक द्रव्ये मिळविण्यासाठी ती सहजीवी कवकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात, आणि अशा मुळांना वनस्पतिशास्त्रात ‘मॅग्नोलियासदृश मुळे’ असेच नाव पडले आहे. मेपलची मुळे जशी धुऊन, विंचरून निर्धास्तपणे कापता येतात, तशी ही कापल्यास जखमा कुजतात व झाड मान टाकते. म्हणून सर्व माती एकदम झाडू नये, जुन्या मातीचा काही भाग राखावा आणि एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक मुळे काढू नयेत. कुंडी बदलण्याचे काम वसंताच्या आरंभी कळ्या फुगू लागताच किंवा फुले गळताच, पाने उलगडण्यापूर्वी करावे. शरद ऋतूत कापलेली मुळे थंडीत निष्क्रिय राहून सडतात, त्यामुळे तो काळ टाळणे इष्ट. कुंडीही इतर बोन्सायांपेक्षा थोडी खोल घ्यावी. मिश्रण पाणी धरून ठेवणारे तरीही मोकळे व किंचित आम्लधर्मी, म्हणजे सुमारे ५.५ ते ६.५ सामूचे असावे. जपानमध्ये यासाठी अकादामा व कानुमा ही दाणेदार खनिजे वापरतात. चुनखडीयुक्त पाणी सतत दिल्यास लोह उपलब्ध न झाल्याने पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

बियांपासून केलेल्या रोपांना फुलावर येण्यास बरीच वर्षे लागतात. बाजारातील रोपे पुष्कळदा कोबुशीच्या खुंटावर बांधलेली असतात आणि सांध्यावरचा फुगवटा बुंध्याची शोभा घालवितो. यावर गुटी कलम हा उत्तम उपाय आहे. उन्हाळ्याच्या आरंभी जाड फांदीवर गुटी बांधल्यास फुलण्याइतके प्रौढ झाड स्वतःच्या, चहूबाजूंनी सुटलेल्या मुळांवर मिळू शकते.

छाटणीचा काळ फुलांवरून ठरतो. पानगळी जातींत पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यातच फांद्यांच्या टोकांशी धरतात आणि लवदार आवरणात हिवाळा काढतात. साहजिकच फुले संपताच हलकी छाटणी करावी. उशिरा शेंडे मारल्यास पुढचा बहर हातचा जातो. गळालेल्या उपपर्णांची कडीसारखी खूण प्रत्येक पेऱ्यावर राहते व तिच्या लगतच सुप्त डोळे असल्यामुळे काप तिच्या किंचित वर घेतात. मोठ्या जखमा मंद गतीने भरतात, त्यामुळे जाड फांद्या भर उन्हाळ्यात काढून त्यांना मलम लावावे. लाकूड मऊ व लवकर कुजणारे असल्याने ज्युनिपरवर शोभणारी वठलेल्या लाकडाची रचना येथे टिकत नाही. कोवळ्या फांद्यांना तार घालता येते, पण साल पातळ असल्याने वळ उमटण्यापूर्वी ती काढावी लागते; जुन्या फांद्या वाकविताना मोडतात, त्यांना दोरीने हळूहळू खाली ओढणे बरे. झाडाची सर्व पाने काढून टाकण्याचा प्रयोग मॅग्नोलियावर करू नये.

पानगळी जाती थंडीला काटक असल्या, तरी कुंडीतील मुळे जमिनीतल्या मुळांइतकी सुरक्षित नसतात आणि उमललेली फुले एका रात्रीच्या हिमाने तपकिरी पडतात. म्हणून बहराच्या दिवसांत कुंडी आडोशाला ठेवतात. फुले गळल्यावर धरलेली फळे काढून टाकल्यास त्याच उन्हाळ्यात झाडाला नव्या कळ्या धरण्यास बळ राहते.