‘व्हॅम्पायर हंटर डी’ (1985) : डिस्क लावण्याआधी

आमच्याकडून ही डिस्क मागवल्याबद्दल आभार. एक गोष्ट आधीच सांगतो. हा जपानी अ‍ॅनिमेशनपट आहे, पण कार्टून दिसतंय म्हणून मुलांना लावून देऊ नका. रक्त भरपूर आहे आणि काही दृश्यं निव्वळ मोठ्यांसाठीची आहेत.

गोष्ट घडते इसवी सन 12090 मध्ये. इथले व्हॅम्पायर आपल्या पिंपळावरच्या भुतांसारखे नाहीत. ते उमराव आहेत, किल्ला आणि नोकरचाकर बाळगून असलेले. त्यातला काउंट मॅग्नस ली शेतावर राहणाऱ्या डोरिस लँगच्या मानेत दात रोवतो आणि वर तिच्याशी लग्न करायचं म्हणतो. डोरिस शिकारी शोधते. जवळ पैसा नाही, म्हणून तीन वेळचं जेवण देऊ करते. तो शिकारी म्हणजे डी : बाप व्हॅम्पायर, आई माणूस.

डी जेमतेम बोलतो. बोलायचं काम त्याचा डावा हात करतो! तळव्यावर चक्क एक चेहरा आहे. तो टोमणे मारतो, कुरकुरतो आणि वेळ आली की मालकाचा जीवही वाचवतो. जपानी आवाजपट्टीत हा हात इचिरो नागाई यांनी रंगवला आहे. त्यासाठी तरी एकदा जपानी आवाज आणि सबटायटल लावून बघा.

काउंटची मुलगी लामिका हिला माणसाचं रक्त घराण्यात नको आहे. आमच्या मते सगळ्यात चांगलं लिहिलेलं पात्र हेच. शेवटाकडे तिच्याच जन्माबद्दल जे कळतं ते इथे फोडत नाही. काउंटचा हस्तक रेई गिन्सेई याच्यावरही नजर ठेवा, समोरच्याचा वार तो त्याच्यावरच उलटवतो.

आता संगीत. ते तेत्सुया कोमुरो यांचं, म्हणजे टीएम नेटवर्क या पॉप बँडमधल्या कीबोर्डवाल्याचं. मोठ्या ऑर्केस्ट्राची अपेक्षा ठेवू नका. सिंथेसायझरचे लांबलचक, थंड सूर आहेत आणि ओसाड माळावर ते फार शोभतात. टीव्हीच्या स्पीकरवर खालचे सूर हरवतात, तेव्हा हेडफोन लावा. श्रेयनामावलीला याच बँडचं ‘युवर साँग’ लागतं. इतक्या काळोखानंतर एकदम ठेका! कुणाला ते विजोड वाटेल, आम्हाला आवडतं. नावं सुरू झाली म्हणून डिस्क काढू नका.

याच नायकावरचा 2000 सालचा ‘ब्लडलस्ट’ हा वेगळा चित्रपट आहे. त्याचं संगीत मार्को दाम्ब्रोसिओ यांचं, ऑर्केस्ट्राच्या थाटाचं. तोच हवा असेल तर आत्ताच कळवा.

आणखी एक. ब्लू-रे डिस्कवर जगाच्या ज्या विभागाचं कुलूप असतं, त्याच विभागाच्या प्लेअरवर ती चालते. अमेरिकी ब्लू-रे प्रत ‘ए’ विभागाची असते, भारतात विकले जाणारे प्लेअर ‘सी’ विभागाचे. वेष्टन फोडण्याआधी प्लेअरच्या मागचं लेबल बघून घ्या. जुळत नसेल तर न फोडलेली डिस्क आम्ही परत घेतो.