कामावरची भाषा (खानदेश) : मिश्र अभियांत्रिकी चमूंतील संवाद

खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) रेल्वे, वीजकेंद्रे, धरणे व कारखाने यांत निरनिराळ्या प्रांतांचे आणि बोलींचे लोक एकत्र काम करतात. एकमेकांचे म्हणणे नेमके पोहोचावे म्हणून ते जी संमिश्र बोली व खातरजमेच्या ज्या रीती वापरतात, त्यांचा येथे विचार केला आहे.

भाषिक पार्श्वभूमी : पश्चिम व मध्य भागात अहिराणी, यावल–रावेर–भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली, सातपुड्यालगत भिली, पावरी व तडवी बोली, शिवाय गुजरी व उर्दू. यांपैकी अहिराणीच्या कुळाबद्दल मतभेद आहेत. ब्रिटिशकालीन भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड (१९०५) दिला आहे. खानदेशी (म्हणजेच अहिराणी) मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली भाषांसोबत आली. षष्ठीचे ‘ना-नी’ प्रत्यय गुजरातीच्या जवळचे आहेत, हे त्या वर्गीकरणाला पोषक ठरते. उलट मराठीचे बरेच अभ्यासक तिला मराठीचीच बोली मानतात. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ स्वतंत्र नोंदली असून तिचे भाषक सुमारे साडेअठरा लाख आहेत. तिला मराठी व गुजराती यांच्या सीमेवरची संक्रमणबोली मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अहिराणी हे नाव आभीर वा अहीर यांच्याशी जोडले जाते. त्यावरून बोलीचे वय ठरवणे मात्र धाडसाचे होईल.

बोलींचे हे वेगळेपण निव्वळ पुस्तकी नाही. अहिराणी व लेवा बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो : काळा – काया, डोळा – डोया. याच नियमाने नळीची ‘नयी’ होते. बिहारहून आलेल्या फिटरच्या कानाला ती ‘नवी’ वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही.

सारख्या शब्दांचा घोळ : अनोळखी शब्द अडला की माणूस विचारतो, ओळखीचा वाटला की विचारत नाही. म्हणून खरी अडचण सारख्या शब्दांची. मराठी ‘काल’ फक्त सरलेला दिवस दाखवतो; हिंदी ‘कल’ आणि गुजराती ‘काले’ मागचा-पुढचा दोन्ही. ‘पंप कल खोला’ यात क्रियापद वाचवते; नुसते ‘पंप, कल’ असे फळ्यावर लिहिले की काहीच वाचवत नाही. तारीख लिहिणे हाच उपाय.

मापांचेही तसेच. पीव्हीसी पाइप बाहेरील व्यासाने, मिलिमीटरांत ओळखला जातो. शेतकरी आणि दुकानदार जुन्या लोखंडी पाइपाच्या इंचांत बोलतात. त्यांच्या हिशेबी ६३ मिमी म्हणजे ‘दोन इंची’, ७५ म्हणजे ‘अडीच इंची’, ९० म्हणजे ‘तीन इंची’. बाहेरून आलेला अभियंता अडीच इंचाला २५.४ ने गुणतो, ६३.५ मिळवतो आणि ६३ चा पाइप धाडतो. गणित बरोबर, पाइप चुकीचा! ठिबक आणि पाइपांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात हे भाषांतर दुकानाच्या गल्ल्यावरच होते. फॅब्रिकेशनमध्ये ‘सूत’ (इंचाचा आठवा भाग) अजून चालतो. ‘चार सूत’ म्हणजे अर्धा इंच. भाषा एक असली म्हणून एकके जुळतातच असे नाही : १९९९ साली नासाचे मंगळयान पौंड-बल व न्यूटन या बलाच्या एककांच्या घोळात नष्ट झाले, तेव्हा नासा व यान बनवणारी कंपनी या दोन्ही बाजू इंग्रजीच बोलत होत्या.

सैद्धांतिक मते : डच समाजशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून (१९८०) देशांना ‘सत्ता-अंतरा’चे (वरिष्ठ-कनिष्ठांमधील अंतर लोक किती स्वीकारतात याचे) निर्देशांक दिले, भारताचा ७७. वरिष्ठांपुढे शंका न काढण्याची सवय त्यातून समजते, पण अख्ख्या देशाला एकच आकडा लावल्याने पावरा मदतनीस आणि लेवा सुपरवायझर एकाच मापात बसतात. त्यापेक्षा अमेरिकी मानवशास्त्रज्ञ हॉल यांची (१९७६) शब्दांत किती व संदर्भात किती सांगितले जाते ही मांडणी इथे अधिक लागू पडते. ‘हो साहेब’मधला ‘हो’ पुष्कळदा ‘ऐकले’ एवढाच असतो. ‘समजले’ किंवा ‘करतो’ असा नसतो. म्हणून जाणता सुपरवायझर ‘समजलं का?’ न विचारता ‘आधी कोणता व्हॉल्व्ह बंद करशील, भाऊ?’ असे विचारतो.

रेल्वेतील रीत : भुसावळला लोहमार्ग १८६० च्या दशकात आला आणि कर्मचारी दूरदूरचे. तेथील विभाग मध्य रेल्वेचा. जळगावहून सुरतेकडे जाणारा मार्ग पश्चिम रेल्वेचा. अशा वस्तीत रेल्वेची जुनी ‘प्रायव्हेट नंबर’ पद्धत नजरेत भरते. गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तर फाटकवाल्याला फोन करतो. फाटक लावल्यावर फाटकवाला आपल्या छापील तक्त्यातला पुढचा अंक देतो. मास्तर तो वहीत लिहितो आणि वापरलेला अंक खोडला जातो. ‘हो, लावलं’ एवढ्यावर गाडी सुटत नाही. उच्चार, हुद्दा, भीड यांपैकी कशालाही त्या अंकात जागा नाही.

पवनऊर्जा क्षेत्र : धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत. तेथील भिल्ल व कोकणा वस्तीशी बाहेरच्या तंत्रज्ञांचा व्यवहार बहुधा हिंदीत चालतो, आणि ती दोन्ही बाजूंना शिकूनच आलेली असते.