वेदना, वॉर्ड आणि नर्सची पाठ

रुग्णाचं दुखणं हलकं करण्याचे नर्सिंगमधले उपाय आणि नर्सची स्वतःची तब्येत, या दोन गोष्टींचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो. एक वेदनाशमनाच्या खात्यात, दुसरा कर्मचारी कल्याणाच्या. मला ही वाटणी पटत नाही, कारण दोन्ही इतिहास एकाच खाटेपाशी घडले आहेत.

१८४६ मध्ये बोस्टनला इथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि ऑपरेशन टेबलावरची वेदना आटोक्यात आली. भूल उतरल्यानंतरची रात्र मात्र तशीच राहिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्या रात्रीकडे नीट पाहिलं. दाराबाहेर चाललेली कुजबुज रुग्णाला किती छळते, हे त्यांनी लिहून ठेवलं. विनाकारण केलेला आवाज ही त्यांच्या लेखी सर्वांत क्रूर हेळसांड होती. क्रिमियाच्या युद्धानंतर त्या स्वतः कित्येक वर्षं आजारी होत्या. तरीही त्यांच्या नावाने जी शिस्त पुढे रुजली, तिच्यात नर्सच्या थकव्याला जागा नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅन्सरच्या वॉर्डात मॉर्फिन असायचं, पण ते मागितल्यावर मिळायचं. चार तासांचं इंजेक्शन तिसऱ्या तासालाच उतरू लागतं, रुग्ण घड्याळाकडे बघत राहतो, बेल वाजवतो आणि उत्तर येतं, ‘अजून वेळ झालेली नाही.’ हे चित्र सिसिली सॉन्डर्स यांनी बदललं. दुखणं उसळायच्या आधीच, ठरल्या वेळी, तोंडाने औषध द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता. शरीराच्या कळेबरोबर मनाची, घरच्यांची, पैशांची काळजीही त्यांनी वेदनेतच धरली. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणारी संस्था, सुरू केलं. त्या मुळात नर्स होत्या आणि पाठीच्या त्रासामुळे त्यांना ते काम सोडावं लागलं होतं. पुढे त्या समाजसेविका आणि मग डॉक्टर झाल्या. पाठ गेल्यामुळे वॉर्ड सुटलेल्या बहुतेक नर्सना असा दुसरा रस्ता सापडत नाही.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या नर्स मार्गो मॅककॅफरी यांनी मांडलं, की वेदना म्हणजे रुग्ण सांगेल ती, आणि तो म्हणेल तेव्हा ती असते. वाक्य साधं आहे, पण त्याने चाचपून पाहण्याचा, ‘खरंच दुखतंय का?’ असं मनात तोलण्याचा अधिकार नर्सकडून काढून घेतला. त्याची गरज किती होती, ते १९७३ मध्ये दिसलं. ‘अवघड’ ठरवलेल्या रुग्णांसाठी बोलावलेल्या दोन मनोविकारतज्ज्ञांना आढळलं, की डॉक्टरांनी औषध कमी लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात दिलं गेलं ते त्याहूनही कमी. व्यसन लागेल ही भीती त्यामागे होती.

पण भीती एवढंच कारण नव्हतं. १९६० च्या सुमारास मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीज यांनी लंडनच्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या नर्सचा अभ्यास केला होता. दुसऱ्याचं दुःख सतत अंगावर येऊ नये म्हणून तिथे कामाचेच तुकडे पाडले होते. एका नर्सकडे अनेक रुग्णांचं एकेकच काम, आणि माणसाचं नाव जाऊन खाटेचा नंबर किंवा आजाराचं नाव. विचारलं तर ऐकावं लागतं, आणि ऐकायचं बळ कुठून आणायचं? मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो.

१९९० च्या दशकात नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब यांच्या जोडीला वेदनेला ‘पाचवं जीवनलक्षण’ म्हणत शून्य ते दहाचा आकडा चार्टवर आला. अमेरिकेत पुढे ओपिऑइडचं, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या व्यसनाचं, संकट उभं राहिलं, तेव्हा या घोषणेवर टीका झाली आणि ती मागे पडली.

नर्सच्या तब्येतीचं मोजमाप उशिरा आलं. १९७६ पासून अमेरिकेतल्या १ लाखाहून अधिक नर्सनी आपल्या सवयी आणि आजार वर्षानुवर्षं प्रश्नावलीत भरून दिले. त्यातून साऱ्या जगाला धूम्रपान, आहार, हृदयरोग यांबद्दल कळलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने झोपेचं चक्र बिघडवणारी रात्रपाळी कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातली. त्याआधी २००२ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांची पाहणी करून दाखवलं, की एका नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांतली मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्स पार थकून जाण्याची २३ टक्क्यांनी.

म्हणून आता नर्सना सिगारेट सोडायला मदत, रुग्ण उचलायची यंत्रं, पाळ्यांमधली पुरेशी विश्रांती यांकडे वेदनाशमनाचाच भाग म्हणून पाहायला हवं. गोळी दिल्यावर तासाभराने परत येऊन ‘आता कसं वाटतंय?’ विचारायचं असतं. वॉर्ड भरलेला असला, की पहिली राहून जाते ती हीच फेरी.