दिसलं सगळ्यायले, सांगतलं कोनंच नाही

मागच्या हिवाळ्यात आमच्या नाल्याकाठच्या वावरात एका रात्रीत डुकरांनी हरभरा पार उलथून टाकला. सकाळी धुऱ्यावर शेजारचे सगळे जमले आणि बोलता बोलता समजलं की वरच्या वावरातल्या काकांनी दोन दिवसाआधीच नाल्यात खुरं पाहिले होते, पलीकडच्या भाऊले तारेचं कुंपण वाकलेलं दिसलं होतं, आणि जागलीवरच्या पोरानं रात्री कुत्रे भुकताना ऐकलं होतं. काका म्हणे, "मले वाटलं, तुले माहीत असन." तिघांची मिळून पूर्ण बातमी होती, एकट्या कोणाजवळच नव्हती.

देशाचा समुद्रकिनारा सांभाळायचं सगळं शास्त्र मला तेव्हापासून याच धुऱ्यावर उभं राहून समजते. आता कोणी म्हणन की यवतमाळकडच्या माणसाले समुद्राचं काय, तर कृषी केंद्रातून आपण जे लालसर पोटॅश आणतो ते जवळपास सगळं जहाजानं बाहेरदेशातून येते, आणि इकडचा माल नागपूरच्या कंटेनर डेपोत सील लागून रेल्वेनं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराले जाते. म्हणजे बंदराचं फाटक एका अर्थानं आपल्याच दाराजवळ सुरू होते.

किनारा केवढा? जुन्या मोजणीनं ७,५१६ किलोमीटर, आणि आता खाड्या-वळणं बारकाईनं धरून मोजला तर ११ हजारांच्या वर. १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी आणलेलं आरडीएक्स हे स्फोटक रायगडच्या दिघी आणि शेखाडीत उतरलं तेव्हा किनाऱ्यावर माणसं नव्हती असं नाही, होती, पण कस्टमच्या आणि पोलिसातल्या काही जणांना तो माल जाऊ दिल्याबद्दल पुढे कोर्टानं दोषी ठरवलं. त्यानंतर महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर ऑपरेशन स्वान नावाची गस्त सुरू झाली. तरी २६ नोव्हेंबर २००८ ले दहा जण कराचीहून निघून, आपलीच कुबेर नावाची मासेमारी बोट बळकावून, शेवटी रबरी बोटीनं कफ परेडच्या कोळीवाड्यात उतरले आणि १६६ जीव गेले. मुंबईवर समुद्रातून हल्ला होऊ शकते, मोठी हॉटेलं निशाण्यावर असू शकतात अशा सूचना त्याआधी तुकड्या तुकड्यानं येऊन गेल्या होत्या. किनाऱ्यावर उतरताना कोळी लोकांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. हे वाचलं की मला अजूनही पोटात कालवते, कारण खुरं दिसले होते ना.

आता कोणी म्हणन रडार लावा की. लावले, पण रडार काय करते ते नीट पाहू. रडारच्या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, म्हणून चाळीस मीटर उंच टॉवरवरच्या रडारला दोन मीटर उंचीची बोट फार तर तीस-बत्तीस किलोमीटरवरून दिसते, त्याच्या पुढं ती पृथ्वीच्या फुगवट्याआड जाते. त्यात बोट लाकडाची किंवा फायबरची असली तर लहर फार कमी परत येते, आणि पावसाळ्यात लाटाच इतक्या परावर्तन करतात की बोट कोणती नि लाट कोणती हे स्क्रीनवर वेगळं करणं कठीण. दुसरं साधन एआयएस. मोठ्या जहाजावरचं हे यंत्र दर काही सेकंदानं रेडिओवर सांगत राहते की मी अमुक, इथं आहे, इतक्या वेगानं तिकडं चाललो.

खरं काम या दोघांची जुळवाजुळव करण्यात आहे. रडारवर टिंब दिसलं आणि त्याच जागी एआयएसचं नाव सापडलं तर ठीक, नाव नसलेलं टिंब उरलं की त्याच्याकडं पाहायचं. पण कुबेर तर खरीखुरी भारतीय बोट होती! टिंबावरून तिच्यात कोण बसलं आहे हे कोणतंच यंत्र सांगत नाही, ते सांगते बंदरावरचा माणूस, की ही बोट परतायची होती नि परतली नाही.

म्हणून २००८ नंतरचा मोठा बदल मला रडारपेक्षा मांडणीत दिसते. आधी खोल समुद्र नौदलाचा, त्याच्या अलीकडं तटरक्षक दल, काठाजवळ राज्याचे सागरी पोलीस, बंदराच्या फाटकावर केंद्राचं सीआयएसएफ दल, मालावर कस्टम, खलाशांवर इमिग्रेशन, मासेमारी बोटींवर मत्स्य खातं, आणि गुप्त बातम्या आयबी आणि रॉ या गुप्तचर खात्यांकडं, आता यात कोण कोणाले सांगन? २००९ मध्ये सगळ्या सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलावर टाकली. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअरला एकत्र बसायची केंद्रं झाली. २०१४ ले गुरुग्रामात आयमॅक नावाचं माहिती केंद्र सुरू झालं, तिथं नौदल आणि तटरक्षक दलाच्या ५१ ठिकाणांचं चित्र एका पडद्यावर येते. गुप्त बातम्यांसाठी आयबीकडचं मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बातम्या एका जागी आणायचं ठिकाण, होतंच, त्याला २००८ च्या शेवटी बातमी वाटून देण्याचं बंधन घातलं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण गुप्तचर खात्याची सवयच बातमी मुठीत धरायची असते, आणि त्याला कारणही आहे, जास्त लोकांना सांगितलं तर खबऱ्या उघडा पडते.

मधल्या काळात फजितीही झाली. २०११ च्या पावसाळ्यात खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेला पवित नावाचा टँकर वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतला. एवढं जहाज! २०२२ मध्ये मग राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक या पदावर पहिल्यांदा नेमणूक झाली, म्हणजे विचारायला एक माणूस झाला.

लहान बोटींचा प्रश्न अजून बाकीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून देशभरातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे बोट कुठं आहे ते कळवणारं यंत्र, बसवायची योजना सुरू झाली, वादळाचा इशारा त्याच्यावर येते आणि अडचणीत संदेश पाठवता येते. काही मच्छीमारांना वाटते की आपली माश्यांची जागा दुसऱ्याला समजन, आणि ती भीती मला खोटी वाटत नाही, ज्याच्या घरचं पोट त्या जागेवर आहे त्याचा भरवसा आधी मिळवावा लागन. अनोळखी बोट दिसली तर सांगायला १०९३ हा नंबर आहे, तिकडून फोन उचलणारा माणूस "बरं" म्हणून ठेवून देते की पुढं कळवते, यावर त्या कोळ्याचा पुढचा फोन येईल की नाही हे ठरते.

आमच्या धुऱ्यावर यंदा जागलीची पाळी लागली आहे. खूर दिसलं की काका आता रात्रीच फोन करतात.