रॉड बसवल्यानंतरचं इंजेक्शन

मांडीच्या हाडात रॉड बसतो, टाके निघतात आणि पुढच्या तपासणीला कागदावर रोजचं एक इंजेक्शन लिहून येतं: टेरिपॅराटाइड, 20 मायक्रोग्रॅम. ‘हाड लवकर जुळावं म्हणून दिलंय’ असा घरच्यांचा समज होतो. कधी कधी हेतू तोच असतो, पण बहुतेक वेळा हे औषध मोडलेल्या हाडापेक्षा अजून न मोडलेल्या हाडांसाठी दिलेलं असतं. या दोन हेतूंची गल्लत झाली की औषधाकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात आणि हाड जुळलं नाही की दोषही औषधालाच दिला जातो.

आपल्या गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी 84 अमिनो आम्लांचं एक संप्रेरक तयार करतात. टेरिपॅराटाइड म्हणजे त्यातला पहिल्या 34 अमिनो आम्लांचा तुकडा. गंमत अशी, की हेच संप्रेरक रक्तात सतत जास्त राहिलं तर हाडं पोखरली जातात. ग्रंथीला गाठ झालेल्या रुग्णांत नेमकं तेच होतं. मग औषध म्हणून ते चालतं कसं? उत्तर मात्रेपेक्षा वेळेत आहे. त्वचेखाली टोचलेला डोस काही तासांत रक्तातून निघून जातो. एवढ्या छोट्या उसळीने हाड बांधणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, कामाला लागतात. हाड पोखरणाऱ्या पेशींना जोर धरायला वेळच मिळत नाही. म्हणून इंजेक्शन रोज आणि एकदाच. चुकलेला डोस त्याच दिवशी आठवला तर घ्यावा, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

हाडांच्या ठिसूळपणासाठी या औषधाला अमेरिकेत 2002 मध्ये मान्यता मिळाली. फ्रॅक्चर जुळवण्यासाठीचा वापर मात्र मंजुरीच्या यादीबाहेरचा आहे, म्हणजे तो डॉक्टरांनी स्वतःच्या निर्णयावर केलेला असतो. कारण माणसांवरच्या चाचण्यांचं चित्र विस्कळीत आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मनगटाचं फ्रॅक्चर झालेल्या, पाळी थांबलेल्या 102 स्त्रिया होत्या. औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्या गटात हाड जुळायला लागलेल्या वेळेचा मध्यक (निम्म्या जणींना याहून कमी, निम्म्या जणींना जास्त वेळ) 9.1 आठवडे होता, 20 मायक्रोग्रॅमच्या गटात 7.4 आणि 40 मायक्रोग्रॅमच्या गटात 8.8. दुप्पट औषधाने दुप्पट फायदा व्हायला हवा होता, इथे तर तो जवळजवळ नाहीसाच झाला. चाचणीची मूळ पैज 40 च्या डोसवर होती, त्यामुळे संख्याशास्त्राच्या काटेकोर हिशेबात ती फसली. मांडीच्या हाडाच्या मानेचं (खुब्याजवळचं) फ्रॅक्चर स्क्रूंनी बसवलेल्या रुग्णांवरही हे औषध वापरून पाहिलं गेलं. तिथेही पुन्हा शस्त्रक्रियेची गरज कमी झाल्याचं दिसलं नाही.

असं का व्हावं? हाड जुळायला आधी दोन गोष्टी लागतात: रक्तपुरवठा आणि योग्य तेवढं स्थैर्य. फटीत पहिल्यांदा रक्ताची गुठळी, मग मऊ तंतू, मग कूर्चा आणि शेवटी हाड, अशा क्रमाने भरणी होते. मऊ तंतू बरीच ओढाताण सोसतात, कूर्चा साधारण 10 टक्क्यांपर्यंत ताणली जाऊ शकते, हाड मात्र सुमारे 2 टक्क्यांच्या पुढे टिकत नाही. म्हणजे स्क्रू सैल असेल आणि फट प्रत्येक पावलागणिक हलत असेल, तर तिथे हाड तयारच होऊ शकत नाही, इंजेक्शन कितीही घ्या. मांडीच्या हाडाच्या मानेला तर रक्तपुरवठाच मुळात तोकडा. फ्रॅक्चरच्या वेळी तो तुटला तर बांधकामाचा माल पोहोचणार कुठून?

म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीनेक महिन्यांनी एक्स-रेत नवं हाड धरताना दिसत नसेल, तर औषधाआधी इतर गोष्टी तपासायच्या. जंतुसंसर्ग आहे का? त्यासाठी सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. प्लेट किंवा रॉड सैल झाला आहे का, फट राहून गेली आहे का? तंबाखू चालू आहे का, साखर आटोक्यात आहे का, ‘ड’ जीवनसत्त्व किती आहे? संसर्ग असताना हाड बांधणारं औषध देणं म्हणजे वाळवी लागलेल्या भिंतीला रंग देणं. सगळं नीट असूनही हाड रेंगाळत असेल, तेव्हा टेरिपॅराटाइडचा विचार पटण्यासारखा आहे. त्याहून पटणारा प्रसंग म्हणजे बिस्फॉस्फोनेटच्या (हाडांची झीज रोखणाऱ्या) गोळ्या अनेक वर्षं घेतल्यानंतर मांडीच्या हाडाला जवळपास आडवा तडा जाणं. त्या गोळ्यांनी हाडाची डागडुजी मंदावलेली असते. तिथे आधी गोळ्या थांबवतात, रॉड बसवतात आणि मग बरेच तज्ज्ञ टेरिपॅराटाइड देतात.

आता उलट बाजू. झोलेड्रोनिक आम्ल हे दुसरं औषध हाड बांधत नाही, झिजणं थांबवतं. तरीही खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा पुरावा भक्कम आहे. 2007 च्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत 5 मिलिग्रॅमचं सलाइन दिलं आणि पुढे वर्षाला एक. त्या गटात नवी फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले. ‘पोखरणाऱ्या पेशी थांबवल्या तर जुळणंही थांबेल’ ही भीती रास्त वाटते, पण खरी ठरली नाही. हाडाभोवतीचा नवा गोळा घोटून सुबक व्हायला उशीर लागतो, जुळायला नाही. फक्त घाई नको. पहिल्या दोन आठवड्यांत दिलेल्यांना फायदा दिसला नाही. औषध ताज्या फ्रॅक्चरपाशीच अडकून बसत असावं आणि बाकीच्या सांगाड्याला कमी मिळत असावं, असा कयास आहे. आधी ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलं असेल (क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतात याचं माप, मिनिटाला 35 मिलिलिटरच्या खाली) तर हे औषध टाळतात.

टेरिपॅराटाइड सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी डॉक्टरांना न विसरता सांगाव्यात: हाडाचा किंवा हाडात पसरलेला कर्करोग, पूर्वी घेतलेलं रेडिएशन, अलीकडचा मुतखडा, रक्तात वाढलेलं कॅल्शियम. वाढत्या वयातल्या मुलांना ते देत नाहीत. उंदरांत हाडाचा कर्करोग दिसल्यामुळे त्याच्या वेष्टनावर ठळक इशारा असे. माणसांत तसं आढळलं नाही म्हणून अमेरिकेत 2020 मध्ये तो काढला गेला.

इंजेक्शन मांडीत किंवा पोटावर त्वचेखाली घ्यायचं, दर वेळी नवी सुई आणि जागा बदलून. पेन 2 ते 8 अंशांत ठेवावं, फ्रीजरमध्ये नाही. गोठलेलं औषध वितळलं तरी टाकून द्यावं. बहुतेक पेन पहिल्या टोचणीपासून 28 दिवसांनी बाद होतं, आत औषध उरलेलं असलं तरी. सुरुवातीच्या काही डोसांनंतर उठताना चक्कर येऊ शकते. वॉकर धरून चालणाऱ्या माणसासाठी ही किरकोळ तक्रार नव्हे. पहिले काही दिवस इंजेक्शन बसून घ्यावं आणि लगेच उठू नये.

रक्तातलं कॅल्शियम तपासायचं तर आदल्या इंजेक्शननंतर किमान 16 तास जाऊ द्यावेत. चार ते सहा तासांनी ते तात्पुरतं चढतं, आणि त्या वेळचा रिपोर्ट पाहून उगाच औषध बंद केलं जातं.

उपचार साधारणपणे 24 महिन्यांच्या पुढे नेत नाहीत. तो संपला की कमावलेलं हाड हळूहळू झिजू लागतं, म्हणून शेवटचं पेन संपायच्या आतच झोलेड्रोनिक आम्लासारख्या औषधाची तारीख ठरवून ठेवावी.