लांगदॉकची ओकविरहित सेंद्रिय रेड वाइन

दक्षिण फ्रान्समधील लांगदॉक प्रदेशात सेंद्रिय द्राक्षांपासून, ओक लाकडाचा संपर्क येऊ न देता केलेली रेड वाइन. कारिन्याँ, ग्रनाश, सिरा व सँसो या मुख्य द्राक्षजाती. ‘सेंद्रिय’ ही कायद्याने बांधलेली संज्ञा आहे; ‘ओकविरहित’ हे केवळ पद्धतीचे वर्णन होय.

ओक टाळणे ही जुनी रीत की अलीकडची टूम, याबद्दल एकमत नाही. लाकडी पिंप ही गॉल लोकांची (फ्रान्सच्या प्राचीन रहिवाशांची) देणगी, तेव्हा फ्रेंच वाइनला ओक मुळातलाच, असे एक मत आहे. दक्षिणेतील पुरावे मात्र मातीच्या भांड्यांकडे बोट दाखवतात. माँपेलियेजवळच्या लात या गावी सापडलेले एत्रुस्कन (प्राचीन इटलीतील एका समाजाचे) अँफोरे, म्हणजे दोन कानांचे मातीचे उंच रांजण, इ. स. पू. सुमारे ५००–४७५ या काळातले मानतात. त्यांत वाइनसोबत राळेचे अंश मिळाले. तिथलाच द्राक्षे दाबण्याचा चुनखडकी ओटा इ. स. पू. सुमारे ४२५–४०० मधला असावा. वाइन इथे प्रथम मार्सेय येथे वसलेल्या ग्रीकांनी आणली, या जुन्या मताला या शोधामुळे धक्का बसला असून ती एत्रुस्कनांनी आणली हा पक्ष अधिक सबळ वाटतो. पुढे रोमन काळातही लांगदॉकमधील नार्बोन शहराच्या परिसरात, उदाहरणार्थ सालेल-दोद येथील भट्ट्यांत, सपाट बुडाचे अँफोरे भाजले जात. विसाव्या शतकात सहकारी संस्थांनी सिमेंटच्या टाक्या बांधल्या (मारोसाँ या गावची संस्था १९०१ची). मोठी जुनी लाकडी पिंपे वापरात होतीच, पण त्यांचा स्वाद वाइनमध्ये फारसा उतरत नसे. नव्या ओकची लहान पिंपे इथे रुळली ती साधारण १९८०नंतर.

कोरडा त्रामोंतान वारा पानांवरची ओल टिकू देत नाही. त्यामुळे केवडा हा द्राक्षवेलीचा बुरशीजन्य रोग आटोक्यात राहतो व सेंद्रिय लागवड सोपी होते. कारिन्याँवर भुरी ही दुसरी बुरशी मात्र लवकर पडते. तिच्यासाठी गंधक धुरळतात. केवड्यावर बोर्डो मिश्रण, म्हणजे नाशिककडील बागाईतदारांच्या परिचयाचे मोरचूद-चुन्याचे पाणी, सेंद्रिय शेतीतही चालते. अट तांब्याच्या मात्रेची : युरोपीय संघात सात वर्षांत हेक्टरी २८ किग्रॅ.पेक्षा अधिक नाही. २०१२पर्यंत तिथल्या कायद्यात ‘सेंद्रिय वाइन’ नव्हती, ‘सेंद्रिय द्राक्षांची वाइन’ होती. त्या वर्षीच्या नियमांनी तळघरातील प्रक्रियाही कक्षेत आली. कोरड्या (साखर न उरलेल्या) रेड वाइनमध्ये सल्फाइट या परिरक्षकाची कमाल मर्यादा लिटरला १०० मिग्रॅ. ठरली (सेंद्रिय नसलेल्या वाइनला १५०).

कारिन्याँत आम्ल व टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) दोन्ही चढे. ओकचा आधार नसताना ती तुरट, उग्र होऊ नये म्हणून अनेक जण वाइन-संशोधक मिशेल फ्लाँझी यांनी १९३४पासून नार्बोन येथे अभ्यासलेली कार्बनिक पद्धत वापरतात. घड न चुरडता, देठांसकट, कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. अखंड मण्याच्या आतच किण्वन (आंबण्याची क्रिया) सुरू होते, मॅलिक हे द्राक्षातले आंबट आम्ल काहीसे घटते आणि सालीतून रंग उतरतो तो टॅनिनच्या मानाने आधी. काही दिवसांनी घड दाबून रस वेगळा काढतात व उरलेले किण्वन यीस्ट पुरे करते. वाइन फळाच्या चवीची, ताजेपणी पिण्याची.

पिंपाचा उल्लेख लेबलावर नसला म्हणजे वाइन ओकविरहित, असे मात्र नव्हे. युरोपीय संघात २००६पासून टाकीत ओकचे तुकडे सोडण्यास मुभा आहे. ती सेंद्रिय वाइनलाही लागू होते. फक्त तशा वाइनच्या लेबलावर ‘पिंपात मुरवलेली’ असे छापता येत नाही.